ड्रायव्हरशेजारची सीट

वहिनींकडे लायसन्स होतं, तेही बावीस वर्षांचं जुनं. या देशात आल्यावर मुलाने खटपट करून त्याचं इथलं कार्डही काढून घेतलं. पण कार्ड पर्समध्ये आणि पर्स कपाटात! गाडीचं नाव काढलं की वहिनी स्वयंपाकघरात पळायच्या. इथे रस्त्याची बाजू उलटी, स्टिअरिंग उलट्या बाजूला, आणि हॉर्न कुणी वाजवतच नाही. मागून कोण येतंय ते कळावं कसं? "मला मेलीला नाही जमायचं," असं त्यांनी वर्षभर इतक्यांदा सांगितलं, की घरात सगळ्यांना ते पटलं.

पण पटून भागणार नव्हतं. अण्णांचं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. साखरेने आधी डोळे अधू केले, मग किडन्या घालवल्या. आजवर मुलगा नेत होता, त्याची आता सकाळची पाळी लागली. सेंटरवर पंधरा मिनिटं उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला देतात. एकदा एक खेप चुकली, तेव्हा अण्णांच्या छातीत पाणी झालं होतं. आता वहिनींनी गाडी चालवायची, नाहीतर... त्या 'नाहीतर'च्या पुढचं कुणी बोलत नव्हतं.

गंमत बघा, अण्णा म्हणजे अडतीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस. वहिनींना गाडी त्यांनीच शिकवली होती, ओरडून ओरडून. आता बिचारे ताटातली भाजी कुठली तेही विचारून घ्यायचे.

मग शोधून काढली ताई. लायसन्स असून घाबरणाऱ्यांना शिकवणं हाच तिचा धंदा. तीही एकेकाळी अशीच बाहेरून आलेली. तिच्या गाडीत दोघींच्या पायाशी ब्रेक. पहिल्या दिवशी चौकात सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला, तरी वहिनी जागच्या हलल्या नाहीत. मागचे खोळंबले, ताई मात्र ढिम्म. "होईल हो, वहिनी. जाऊ द्या त्यांना बाजूने."

पाचव्या दिवशी समोर एक गाडी वळायला थांबलेली दिसली. वहिनींनी सवयीने डिपर मारला, म्हणजे हेडलाइट दोनदा चमकवला. ताईने खाडकन ब्रेक दाबला.

"काय सांगितलंत त्याला?"

"थांब म्हटलं, मी येतेय."

"इथे त्याचा अर्थ, या, तुम्ही आधी जा. डिपरला हातच लावायचा नाही आता!"

घरी येऊन वहिनींनी हे अण्णांना सांगितलं, तर ते पोट धरून हसले. "आमच्या लाइनीत असं केलं असतं तर सगळे ढगात गेले असते की गं!"

महिन्याने ताई म्हणाली, आता माझी गरज नाही. पहिल्या सोमवारी अण्णा शेजारच्या सीटवर ऐटीत बसले. दिसत काय होतं? उजेड, अंधार आणि मोठ्या वस्तूंचे ठिपके. पण कान शाबूत. "दुसरा टाक, इंजिन रडतंय. हं, अस्सं." वहिनींना त्या आवाजाचा केवढा आधार वाटला! निम्मा रस्ता छान पार पडला.

सेंटरच्या अलीकडच्या चौकात समोरचा एक मोठा ठिपका हलला आणि अण्णा एकदम ओरडले, "अगं, समोरचा वळतोय! डिपर दे, डिपर दे!"

ताईचं सगळं शिकवणं डोक्यात होतं, पण हात त्या आवाजाच्या हुकमतीतला. तो आधी हलला. समोरच्या मुलीने आभाराचा हात वर केला आणि निवांत गाडी वळवली, थेट यांच्यापुढे.

धडक बसली, पण वेग फार नव्हता. त्या मुलीला काही झालं नाही, वहिनींनाही नाही. कारण अण्णांनी वहिनींच्या छातीपुढे आडवा हात टाकला होता. तो डॅशबोर्डवर आपटला. नेमका डावा, डॉक्टरांनी ऑपरेशन करून डायलिसिसच्या सुईसाठी शीर तयार केलेला. संध्याकाळपर्यंत शीर बंद पडली. मग गळ्यात नळी घालून डायलिसिस झालं.

मुलगा आईवर भडकला. "ताईने बजावलं होतं ना तुला?"

"आईला काही बोलू नकोस," अण्णा म्हणाले. "तिने नाही, मी केलं ते."

वहिनींनी कानाला खडा लावला होता, पुन्हा गाडीला शिवायचं नाही. पण बुधवार काही थांबत नाही. मुलाला रजा मिळाली नाही. वहिनींनी देवाचं नाव घेऊन गाडी दारात काढली. अण्णा चाचपडत आले आणि मागचं दार उघडून आत बसले.

"अहो, पुढे या ना. मला धीर येतो."

"नको. पुढे बसलं की तोंड बंद राहत नाही माझं."

वहिनींना रडू फुटत होतं, पण रडून चालणार नव्हतं, रस्ता दिसायला हवा होता. चौक आला. समोर गाडी वळायला थांबलेली. वहिनी नीट थांबल्या, बघितलं, निघाल्या. एकही चूक झाली नाही. वाटेत गिअर एकदा चुकीचा पडला, इंजिन कण्हलं. मागून एक शब्द नाही.

सेंटरच्या दारात त्यांनी गाडी लावली, इंजिन बंद केलं. मागून अण्णांनी हळूच, परक्या गाडीत बसलेल्या पाहुण्यासारखं विचारलं,

"आलं का गं आपलं?"