शेजारचा सेंटर फॉरवर्ड

गोल मारून झाल्यावर गोलकीपरची माफी मागणारा फुटबॉलपटू अख्ख्या जगात एकच असणार, आणि तो लेस्टरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. पोर्तुगालहून आलेला, पस्तिशीला टेकलेला, ताडमाड उंच, खालच्या डिव्हिजनमधल्या एका क्लबचा फॉरवर्ड. फुटबॉलर शेजारी आलाय म्हटल्यावर पुण्याच्या माझ्या बहिणीने बंगला, मोटारी, काय काय विचारलं. अगं, कसला बंगला! घरात एक सोफा, आणि त्यावर दुखऱ्या गुडघ्याला फ्रोझन मटारची पिशवी बांधून बसलेला हा. तेच मटार संध्याकाळी भातात जायचे. "अरे, शी!" म्हणून मी ओरडले, तर म्हणे, "आंटी, गुडघा पिशवीच्या बाहेर होता, मटार आत."

वेडा होता हो अगदी. मॅचच्या दिवशी अपशकुन नको म्हणून कुणाशीही वाद घालायचा नाही, चुकीचा दंड लावणाऱ्या पार्किंगवाल्याशीसुद्धा. त्यात मी एक भर घातली. एका शनिवारी, आपण परीक्षेला निघालेल्या मुलांच्या हातावर ठेवतो तसं, त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली, आणि मेल्याने त्या दिवशी गोल मारला! मग काय, दर मॅचला आधी आमची बेल वाजायची आणि दारात हात पुढे. एकदा समोर कोणीही नसताना त्याने बॉल गोलवरून उडवला आणि संध्याकाळी तडक माझ्याकडे आला. "आंटी, खरं सांगा. दही लो-फॅट होतं?" होतं. आमच्या ह्यांचं कोलेस्टेरॉल! तेव्हापासून फ्रिजमध्ये दह्याचे दोन डबे, एक नवऱ्याचा आणि एक फॉरवर्डचा.

सीझन संपत आला तसं क्लबने त्याला सांगून टाकलं, पुढच्या वर्षी तुझी गरज नाही. शेवटच्या मॅचला त्याची आई येणार होती, आयुष्यात पहिल्यांदा मुलाला इथे खेळताना बघायला. "आंटी, पाच मिनिटं तरी उतरवतील ना मला?" असं त्याने मलाच विचारलं. मी काय सांगणार, कपाळ!

त्याच्या आईला मीच ग्राउंडवर घेऊन गेले. तिला इंग्रजी येत नाही, मला पोर्तुगीज; पण काही अडलं नाही. तो बदली खेळाडूंमध्ये. दुसऱ्या हाफमध्ये साइडलाइनला वॉर्म-अप करत पळत राहिला, कोच बोलावतोय का म्हणून सारखा वळून बघत. आईला वाटलं, हाच त्याचा खेळ. तो समोरून गेला की ती उभी राहून टाळ्या वाजवायची. मग मीही वाजवल्या. जीव नुसता टांगणीला लागला होता. कोचने एकाला उतरवलं, दुसऱ्याला उतरवलं, ह्याला काही बोलावलं नाही. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा त्या कोचला चार शब्द सुनावावेत असं फार वाटलं, पण शेजारी त्याची आई अजून टाळ्या वाजवत होती.

तो कठड्यापाशी आला. आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मग शर्टावरून हात फिरवत काहीतरी बोलली.

"काय म्हणतायत रे?" मी विचारलं.

"म्हणते, लहानपणी खेळून यायचास तेव्हा शर्ट घासून घासून माझे हात दुखायचे. आता किती छान खेळायला शिकलास, जरासुद्धा मळला नाही."

सांगताना तो हसत होता. मग त्या एवढ्या उंच माणसाने वाकून आईच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि बराच वेळ उचललंच नाही.