दुप्पट आलेला के

दौंडहून एसटीत उभं राहून शिरूरला यायचं, कॉलेजात तासिकेवर रसायनशास्त्र शिकवायचं आणि जूनमध्ये पुन्हा घेतील का, याचा घोर लावून घ्यायचा. अशी माझी सहा-सात वर्षं गेली. अंग नुसतं आंबून जायचं.

त्या एप्रिलात टी.वाय.ची प्रॅक्टिकल परीक्षा होती. प्रयोग नेहमीचाच. एस्टर आम्लात टाकायचं, दर दहा मिनिटांनी थोडं काढून बर्फावर ओतायचं, म्हणजे क्रिया थबकते. मग टायट्रेशन करून किती मोडलं ते बघायचं आणि त्यावरून वेगस्थिरांक काढायचा, के. स्थिरांक म्हणून तो प्रत्येक रीडिंगला सारखा यायला हवा. पोरं तो आणायचीच. पुस्तकातला के धरून उलट्या गणितानं रीडिंगं लिहायची. खोटं कशाला बोलू, हे आम्हीच शिकवलं होतं.

कारेगावची एक मुलगी होती, वर्गात पहिली येणारी. फर्स्ट क्लास मिळाला तरच घरचे तिला एम.एस्सी.ला पुण्याला पाठवणार होते. ती माझ्याकडं आली. "सर, के दुप्पट येतोय वो. तीनदा काढला."

मी वहीत धड बघितलंही नाही. "अगं, पुस्तकाजवळ आण की! मार्क पाहिजेत ना?"

तिनं गपगुमान खोडून पुस्तकातला के लिहिला.

बाहेरच्या परीक्षकांनी वही चाळली, मग भिंतीवरचा थर्मामीटर बघितला. "इथं छत्तीस डिग्री आहे. पुस्तकातला के पंचविसाचा. दहा डिग्री वाढल्या की वेग दुप्पट होतो, ठाऊक नाही? खोडलेलं बरोबर होतं. कुणी सांगितलं खोडायला?"

मी शेजारीच उभा. आता माझी नोकरी गेलीच, असं वाटलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"कुणी न्हाई सर. माझंच चुकलं."

आणि मी मूग गिळून गप्प बसलो. लाज वाटली, तरी बसलो. परीक्षकांनी पास होण्यापुरते मार्क दिले. फर्स्ट क्लास गेला, हे आम्हा दोघांनाही तिथंच कळलं.

सुटल्यावर ती जिन्यात भेटली. "सर, पहिलं बरोबर होतं ना पण?"

"हो," मी म्हणालो. जिन्यात तिसरं कुणी नव्हतं, म्हणून म्हणता आलं.