सावंतांची वाटी

काल माळा आवरताना ‘सावंत’ असं नाव कोरलेली स्टीलची वाटी सापडली. नुसती हातात धरली तरी वेलचीचा वास आल्यासारखा वाटला आणि मी मुलुंडच्या आमच्या जुन्या चाळीत जाऊन पोचले.

शेजारचे सावंतकाका ट्रॉम्बेला अणुसंशोधनाच्या ठिकाणी नोकरीला होते. तिथल्या माणसाला आकाशातलंही सगळं कळतं, अशी आमच्या मजल्याची पक्की समजूत. एका रविवारी ते कोमट नारळवड्यांनी भरलेली हीच वाटी घेऊन आले, तेव्हा मी विचारलं, “काका, वर कुठे कोणी राहतं?”

“असतील गो. म्हणून तर एक यान सोडलंय तिकडे. त्यातल्या तबकडीवर आपला मराठी नमस्कारपण आहे.”

“मग उत्तर कधी येईल?”

“हजारो वर्षं लागतील.”

माझं तोंड एवढंसं झालं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “येणार गं. शेजाऱ्याची वाटी कोणी रिकामी परत पाठवतं का?”

काका पोट धरून हसले. “वैनी, ह्यां आमच्या सायबाक पण सुचूक नाय!”

मला तेव्हा आईची लाजच वाटली होती. आज वाटतं, तांदळातले खडे काढता काढता तिने अख्ख्या विश्वाला शेजारी करून टाकलं होतं.

पण मग ही वाटी आमच्याकडेच कशी? मी ती आईपुढे धरली. ऐंशीची आई ओशाळली. “ते चारकोपला राहायला गेले, आणि द्यायची राहूनच गेली बघ.”

“चाळीस वर्षं झाली, आई!”

“मग? उत्तराला वेळ लागतो,” ती म्हणाली. “बेसन आण. लाडू करू.”