आत्ता नको, नंतर या

आमच्या गावाला डोंगर आहेत आणि वाळवंट आहे, बाकी झाडांच्या नावाने बोंब. तरी लांबलांबून लोक हे उघडेबोडके डोंगर चढायला येतात. त्यांना वर नेणाऱ्या वाटाड्यांची आणि ओझेवाल्यांची संघटना मी चालवतो. त्यामुळे बसस्टँडसमोरच्या सहलीच्या ऑफिसात माझं जाणंयेणं असतंच. कधी भांडायला, कधी चहाला, बहुतेक वेळा दोन्हीला.

तिथे फोनवर बसते ती नको-मावशी. ऑफिसचा मालक तिचा सख्खा भाचा. मावशीचा नवरा वाटाड्या होता. त्याच्याबरोबर ती डोंगरात स्वयंपाकाला जायची आणि उन्हाने आडवे झालेले पाहुणे खाली आणायला हात लावायची. तो गेला, हिचे गुडघेही गेले, मग भाच्याने तिला फोनपाशी बसवलं. काम एकच. फोन आला की माणसाला 'या' म्हणायचं. आणि नेमकं तेवढंच तिला जमत नाही.

"पुढच्या आठवड्यात यायचंय? बरोबर कोण? बायको? तिला विचारलंत का? विचारा आधी. आणि ऊन बघितलंय का इथलं? आत्ता नको, नंतर या."

उन्हाळ्यात नको म्हणते ते मी समजू शकतो. पण हवा सोन्यासारखी असताना एकाला तिने परत पाठवलं, का तर बूट नवे होते! "महिनाभर घालून फिरा बाजारात, मग या."

भाचा कातावला. एक दिवस मी ऑफिसात शिरलो तर टेबलावर नवं यंत्र. फोन आला की तेच बोलणार, माणसाची गरज नाही. मावशीने घरी बसायचं.

घरी म्हणजे कुठे, तर भाच्याच्या घरातली मागची खोली. त्या घराची एक जुनी खोड आहे. मावशी बोलायला लागली की सगळे माना डोलावतात आणि ऐकत कोणी नाही. बाहेरच्या जगाने तिचं ऐकून घ्यायची एकच जागा होती, ती खुर्ची. तीच निघाली.

माझं डोकं फिरलं. "माणूस उठवून डबा बसवता? उद्याच मोर्चा आणतो दारात!"

"दादा, तुम्ही घरच्या भानगडीत पडू नका," भाचा म्हणाला.

"पगार घेते ती, घरची कसली?"

मावशी मलाच म्हणाली, "अरे पुढाऱ्या, मोर्चा कुठे काढतोस ह्या उन्हात? दोघंतिघं पडतील चक्कर येऊन. दिवस कलल्यावर काढ."

मोर्चाला सुद्धा मुहूर्त हिचाच!

आता यंत्रात आवाज भरायला माणूस लागतो. शहरातली बाई महाग, म्हणून भाच्याने मावशीलाच बसवलं. जिची नोकरी खाल्ली तिच्याच गळ्यातून फुकट काम! वाचायला कागद दिला, 'कधीही या, डोंगर तुमची वाट पाहतो आहे' वगैरे. मावशीने आत जाऊन दार लावलं. बाहेर आल्यावर भाच्याने सुरुवातीचं "नमस्कार, आपलं स्वागत आहे" एवढं ऐकलं, घरच्या सवयीने मान डोलावली, आणि यंत्र चालू केलं.

पुढचं गावाने ऐकलं. उन्हाळ्यासाठी एक दाबलं की आवाज यायचा, "एक दाबलंत? डोकं ठिकाणावर आहे ना? बाटलीतलं पाणी चहा होतं इथे. सावली हवी असेल तर स्वतःची घेऊन या. ठेवा फोन." पावसाळ्यासाठी दोन दाबलं की, "पाऊस पडतो तिकडे लांब आणि लोंढा येतो तुमच्या घळीत. वर आभाळ निळंच असतं, कळतसुद्धा नाही. अजिबात नको." तीनला, "हिवाळा कुठला ते बोला. सुरुवातीचा असेल तर छान. ऐन थंडीत रात्री पाण्याचा दगड होतो. थंडी सरल्यावर थोडे दिवस बरे, मग वारा सुटतो आणि दाताखाली वाळू येते. विचार करा नि परत फोन करा."

लोक परत फोन करायला लागले. पण विचार करून नाही, चिडून. यंत्राला उलट उत्तर देता येईना, म्हणून भाच्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. "ती बाई कोण? मला तिच्याशीच बोलायचंय."

एक निवृत्त मास्तर तर तडक ऑफिसातच आले. "मला फोन ठेवा म्हणणारी कोण?"

"मी," मावशी म्हणाली. खुर्ची काढून घेतली तरी ती रोज बाकावर येऊन बसत होतीच.

"मी उन्हाळ्यातच येणार. मुलाला-सुनेला तेव्हाच रजा असते."

"मग त्यांना समुद्रावर न्या की. इथे मित्रांबरोबर या, कडाक्याची थंडी पडायच्या आधी. सुनेलाही जरा मोकळं वाटेल."

मास्तर आधी तापले, मग हसले, मग तासभर तिच्याशी वाद घालून त्यांनी सगळ्या मित्रांच्या जागा नोंदवल्या. भाचा बघत होता. संध्याकाळी यंत्र खोक्यात गेलं. न्यायबिय काही नाही, धंदा दिसला त्याला. चालतं मला. माणूस खुर्चीवर बसल्याशी मतलब.

भाच्याने अट मात्र घातली, "दिवसातून एकाला तरी 'या' म्हणायचं."

पहिल्या दिवशी मुद्दाम जाऊन बसलो. फोन वाजला. मावशीने खोदून खोदून विचारलं. हवा उत्तम, माणूस धडधाकट, डोंगराची सवय, बरोबर बहीण, तीही तशीच. मावशी अडकली. फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

"काहीच खोट नाही रे ह्याच्यात. काय सांगू?"

"या म्हण."

तिने मोठा श्वास घेतला. पोटचं पोर परक्याच्या हाती द्यावं तशा आवाजात म्हणाली, "या."

भाच्याने टाळी वाजवली. तोवर ती पुन्हा फोनमध्ये शिरली होती.

"हॅलो? ठेवलात का? अहो, या म्हटलं म्हणजे लगेच निघू नका! जेवलात का आधी?"