पाटावरचं पिस्तूल

पिस्तूल कसं निवडावं याबद्दल आमच्या घरात सगळ्यात ठाम मत होतं ते माझ्या नवऱ्याचं, आणि त्याने जन्मात कधी पिस्तूल हातात धरलं नव्हतं. सॉफ्टवेअरवाला माणूस. मिक्सर घ्यायचा तरी आठवडाभर रिव्ह्यू वाचणार. २०२० च्या उन्हाळ्यात लॉकडाऊन थोडा सैल झाला तेव्हा मी स्वोर्ड्स गावाच्या पुढच्या एका नेमबाजी क्लबात जायला लागले. पानगळीपर्यंत स्वतःचं एअर पिस्तूल घ्यायचं ठरलं. नवऱ्याने लगेच स्क्रीनवर एक झगझगीत मॉडेल दाखवलं. "हेच घे. ऑलिंपिकवाले हेच वापरतात."

"ऑलिंपिकवाल्यांचे हात केवढे असतात?" मी विचारलं. हे कुठल्याच रिव्ह्यूत नव्हतं.

क्लबातले कोच निवृत्त गणित शिक्षक होते, बोलणं कमी आणि भुवया फार. त्यांची रीत साधी होती. रिकामं पिस्तूल मुठीत घ्यायचं, डोळे मिटायचे, हात उचलून टार्गेटच्या दिशेने धरायचा आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, म्हणजे माशी, मागच्या खाचेत सरळ बसलेली दिसली तर पिस्तूल आपलं. माशी डावीउजवीकडे दिसली तर ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे, कितीही महाग असलं तरी. नवऱ्याचं लाडकं मॉडेल मी तीनदा उचलून पाहिलं आणि तिन्ही वेळा माशी डावीकडे पळालेली. मग कोचनी कपाटातून एक जुनं, लहान लाकडी मुठीचं पिस्तूल काढून दिलं. एका सभासदाला ते विकायचं होतं. डोळे उघडले तर माशी खाचेच्या मधोमध.

"ग्रँड," कोच म्हणाले. "दॅट्स यू सॉर्टेड."

इथे एअर पिस्तुलालाही परवाना लागतो. गार्डा, म्हणजे आयरिश पोलिसांच्या, स्टेशनात अर्ज केला, घरात तिजोरी बसवली, ती बघायला एक गार्डा येऊन गेला. डिसेंबरात पिस्तूल ओंगारच्या आमच्या घरी आलं आणि नाताळ होतो न होतो तोच क्लब पुन्हा बंद. मी हात चोळत बसणाऱ्यांतली नाही. रोज सकाळी, फार्मा प्लांटला निघण्याआधी, वरच्या खोलीत पांढऱ्या भिंतीसमोर रिकामं पिस्तूल घेऊन अर्धा तास उभी राहू लागले. हात उचलायचा, श्वास सोडायचा, ट्रिगर हळूच दाबायचा, माशी हलली का ते बघायचं. छर्रा नाही, आवाज नाही, गुण नाहीत. पहिल्या महिन्यात माशी नुसती थरथरायची. वसंत आला तोपर्यंत ती जागच्या जागी थांबायला लागली होती. उन्हाळ्यात क्लब उघडला तेव्हा कोचनी माझं टार्गेट दोनदा पाहिलं, मग भुवया वर गेल्या.

सासूबाईंना मात्र हे सगळं खूळ वाटायचं. त्या कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि साथीमुळे दीड वर्ष अडकल्या होत्या. "गोळी न्हाई, बार न्हाई, नुसती भितीकडं बघत उभी ऱ्हाती," त्या फोनवर आपल्या बहिणीला सांगायच्या, मला ऐकू जाईल अशा बेताने. "एवढ्या येळात चार भाकऱ्या हुतील."

मी ऐकून सोडून द्यायचे. कारण आता माझ्यासमोर दुसरंच काही होतं. आंतरक्लब स्पर्धेसाठी आमच्या क्लबाचा तिघांचा संघ जायचा होता. दोघे ठरलेले होते. तिसरी जागा दसऱ्यानंतरच्या शनिवारी, क्लबातल्याच सामन्यात ठरणार होती. मला ती जागा हवी होती. मला या देशात ज्या ज्या टीममध्ये बसवलं गेलं, त्या सगळ्या कुठल्या ना कुठल्या मॅनेजरने आखलेल्या. ही मी माझ्या हाताने मिळवणार होते, आणि मिळवेन याची मला खात्री होती.

खंडेनवमीला सासूबाईंनी पाट मांडला. विळी, कात्री, नवऱ्याचा लॅपटॉप, गाडीची किल्ली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन तुजं हत्यार? घरात खरं शस्त्र एकच, आन त्येच बिनपूजेचं ऱ्हानार व्हय?"

खूळ म्हणणाऱ्या बाईने आपणहून मागितलं, मला बरं वाटलं. पिस्तूल रिकामं आहे हे तपासून मी ते पाटावर ठेवलं. त्यांनी हळद-कुंकू वाहिलं, वर मूठभर अक्षता. मी वरवर पुसून पिस्तूल तिजोरीत ठेवायला लागले तशी ताकीद मिळाली, "दसरा हुस्तोर हात लावायचा न्हाई. पूजलेलं हत्यार चालवत न्हाईत." मी ऐकलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच भिंतीसमोर उभी राहिले नाही.

शनिवारी सामन्याआधी कोच प्रत्येकाचा ट्रिगर तपासत होते. ट्रिगरला ठराविक वजन लटकवतात. तेवढं वजन न पेलता तो सुटला तर पिस्तूल बाद. माझा उलट सुटेचना. त्यांनी बोटाने दाबून पाहिला. मध्येच अडकला. टॉर्च मारला, चिमटा घातला आणि ट्रिगरमागच्या फटीतून एक लाल तांदूळ बाहेर आला.

"व्हॉट इन द नेम ऑफ गॉड?"

"राईस," मी म्हणाले. "इट्स ब्लेस्ड."

"द गन ऑर द राईस?"

सगळे हसले. मी नाही हसले. माझ्या कानशिलांत आग पेटली होती. सासूबाईंना काय काय ऐकवायचं याची जुळवाजुळव सुरू झाली होती, आणि तीही त्यांच्याच भाषेत. रोजच्यासारखी सकाळी भिंतीसमोर उभी राहिले असते तर पहिल्याच दाबात कळलं असतं. कोच म्हणाले, हवं तर क्लबचं पिस्तूल घे. मी नको म्हटलं, दाणा निघाल्यावर माझा ट्रिगर मोकळा झाला होता. सामन्याआधी हात बसवायला काही मिनिटं देतात. तेवढ्यात मी रिकामा ट्रिगर दाबत राहिले, पुन्हा पुन्हा. माझा राग अजून तसाच होता, पण बोटाला रागाशी काही देणंघेणं नव्हतं. हात उचलला, श्वास सोडला, माशी खाचेत आली. पहिले दोन छर्रे जरा बाहेर गेले. मग जे व्हायचं ते रोजच्यासारखंच झालं, फक्त समोर भिंतीऐवजी टार्गेट होतं.

तिसरी जागा मला मिळाली. कोचनी फळ्यावर माझं नाव लिहिलं, तेही स्पेलिंग न विचारता.

गाडीत बसून मी घरी फोन लावला. जागा मिळाली होती, पण तांदळाचा हिशेब बाकी होता. फोन सासूबाईंनी उचलला, मला बोलूच दिलं नाही.

"झालं का गं? लागलं का नीट?"

"झालं. घेतलं मला संघात. पण आई, तुमच्या त्या अक्षता..."

"थांब, आदी माजं ऐक. तू गेल्यापासनं जीव थाऱ्यावर न्हवता. म्हनून वर जाऊन तुज्या त्या भितीम्होरं उभी ऱ्हायले, तुज्यासारका हात धरून. नुसता रिकामा हात. पाच मिंटांत खांदा भरून आला, बोटं थरथराय लागली." त्या म्हणाल्या. "वरीसभर रोज कशी गं उभी ऱ्हायलीस? आन एकदा बी बोलली न्हाईस, हात दुकतो म्हनून."

तांदळाचा हिशेब तिथेच राहिला. गाडी चालू करायची होती, पण समोरचं काही नीट दिसत नव्हतं.

"दुखतो, आई," मी म्हणाले. "अजून दुखतो."

"मग ये लवकर," त्या म्हणाल्या. "तेल गरम करून ठिवते."