टोपीतून गाळलेलं पेट्रोल

मिलचा भोंगा बंद झाला तेव्हा आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यात आठ दिवस कुणाचा भात धड शिजला नाही. एक तर कच्चा, नाही तर करपलेला. बायका भोंग्यावर कुकर चढवायच्या, म्हातारे भोंग्यावर गोळ्या घ्यायचे, आणि एक शेजारी तर भोंगा वाजेपर्यंत भांडायचा आणि वाजला की वाक्य अर्धं सोडून ड्यूटीला पळायचा. भोंगा गेला आणि त्याचं ते भांडण अजून चालूच आहे. ज्याला खोटं वाटतं त्यानं येऊन ऐकावं.

मी त्याच मिलच्या स्पिनिंग, म्हणजे सूतकताईच्या खात्यात फिटर होतो. बावीस वर्षं. मिलला कुलूप लागलं आणि मी एका रात्रीत ‘अनुभवी’चा ‘वयस्क’ झालो. पीथमपूरच्या नव्या कारखान्यात गेलो तर टेबलामागचा मुलगा माझे हात न बघता माझे केस बघत होता. तिकडे बाजार खुला झाला होता, आणि माझा मेहुणा त्या बाजाराच्या दारात टाय बांधून उभा होता. बायकोचा धाकटा भाऊ, नव्या मोटारसायकलींच्या शोरूममध्ये सेल्समन. माणूस वाईट नाही. फक्त त्याला प्रत्येक जुनी गोष्ट एक्सचेंजमध्ये द्यावीशी वाटायची, त्यात मीही आलो.

एका रविवारी पोहे खाता खाता त्यानं विषय काढला.

“जिजाजी, सेठशी बोललोय. दरवाज्यावर माणूस पाहिजे. वर्दी त्यांची, टोपी त्यांची. गिऱ्हाईक आलं की सलाम ठोकायचा, दार उघडायचं. बस.”

“दाराला बिजागरी आहे का?”

“आहे ना.”

“मग तिच्यात तेल घालून देतो. दार आपोआप उघडेल. सलामाचं सेठनं स्वतः बघावं.”

“मजाक छोडो, जिजाजी. दसऱ्याला गर्दी होते, दसऱ्यापासून माणूस हवाय. इथे बसून त्या भंगारला पाना-पक्कड लावून काय होणार?”

भंगार! अंगणात उभ्या असलेल्या माझ्या फटफटीला तो भंगार म्हणाला. विलायती बनावटीची एका सिलिंडरची गाडी होती ती, महूच्या एका रिटायर फौजी साहेबाच्या बंगल्यामागे सापडलेली. मी साहेबाच्या विहिरीची मोटर दुरुस्त केली, त्यानं खुशीनं गाडी दिली. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. सीटवरची कोंबडी मला सलग तीन दिवस जागा देईना. शेवटी साहेबानं तिला हुकूम दिला तेव्हा उठली.

आजकालची पोरं असल्या कामाला ‘कस्टम’ म्हणतात. आम्ही नाइलाज म्हणायचो. मूळ सीट कोंबड्यांनी संपवली होती, म्हणून मशीनच्या जुन्या चामडी पट्ट्याची सीट शिवली. सायलेन्सर वाफेच्या पाइपाचा. टाकी गंजून चाळणी झालेली, म्हणून टिनवाल्याकडून नवी बनवून घेतली, पोटाला फुगीर आणि मानेला निमुळती, हंसासारखी. मेहुणा म्हणायचा बदकासारखी. पहिल्या किकला ती सुरू झाली तेव्हा छत्रीबागेतली कबुतरं उडाली ती थेट सराफ्यात जाऊन बसली आणि दोन दिवस परतली नाहीत.

तर पोह्यांची बशी बाजूला सारून मी म्हणालो, “सालेसाहेब, ऐका. हीच गाडी, तुमच्या ताईला मागे बसवून, मानपुरच्या पुढचा घाट खालपासून वरपर्यंत एका दमात चढवीन. पाय टेकला तर दसऱ्याला मी तुमच्या दारात, टोपी घालून.”

“और चढ़ गई तो?”

“तर पुन्हा या घरात टोपीचं नाव काढायचं नाही. मी घराच्या ओसरीवर गाड्या दुरुस्त करीन.”

“मला कुणी विचारलं का?” बायको आतून म्हणाली. तिला कुणीच विचारलं नव्हतं, आणि ते तिला आवडलं नाही हे आम्हां दोघांनाही कळलं. पण ती एवढंच बोलली, “दसऱ्याच्या आधीचा रविवार ठेवा. नंतर फराळाची कामं असतात.”

ठरलं. आणि दुसऱ्याच दिवसापासून त्या बयेनं, म्हणजे गाडीनं, नखरे सुरू केले.

अंगणात स्टँडवर ती तासभर चालायची, न खोकता. रस्त्यावर काढली की राऊ गाव यायच्या आत खलास. फट-फट-फट, मग फट... फट... आणि शांतता. दहा मिनिटं उभी केली की एका किकला पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं. तिथला चहावाला तर माझा आवाज दुरून ओळखून आधण ठेवायचा आणि मी बरोबर त्याच्या बाकड्यापुढे बंद पडायचो. “भिया, आज आपन दो मिनट लेट हो गए,” म्हणायचा.

गरम झाली की मरते, थंड झाली की जगते. म्हणजे मॅग्नेटो, ठिणगी देणारा भाग. त्याचं वाइंडिंग तापलं की करंट सोडतो. मला खात्री होती. स्पिनिंग खात्यात एवढा गोंगाट असायचा की कानांचा उपयोग नसे. लाकडी बॉबिनचं, म्हणजे सुताच्या रिळाचं, एक टोक दातांत धरायचं, दुसरं मशीनला टेकवायचं, आणि बेअरिंगचं दुखणं दातांतून कळायचं. तसं मी मॅग्नेटोला बॉबिन लावलं. दाढेनं सांगितलं, हाच आजारी आहे. दाढेवर मी डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

मॅग्नेटोची तार नव्यानं गुंडाळली. राऊच्या आत बंद. प्लग बदलला. राऊ. मॅग्नेटोवर ओलं फडकं बांधलं, लोक विचारायला लागले की गाडीला ताप आहे का. राऊ. टाकीच्या झाकणाला हवेसाठी भोक पाडलं, कार्बोरेटर सतरा वेळा उकलून फुंकला. सतरा म्हणजे सतरा. अठराव्यांदा स्क्रू माझ्या हाताला बघून आपोआप सैल झाले. तरीही राऊ. दर वेळी गाडी थांबली की मी आधी प्लग खोलायचो, ठिणगी बघायचो, मग पेट्रोलची नळी काढायचो. नळीतून धो धो पेट्रोल यायचं. ठिणगीही असायची. सगळं ठीक, फक्त गाडी बंद.

रविवार उजाडला. मेहुणा नव्या कोऱ्या गाडीवर साक्षीदार म्हणून मागे. हँडलला एक पिशवी लटकत होती.

“पिशवीत काय आहे?”

“काही नाही, जिजाजी. टोपी. माप बघून घेऊ म्हटलं, दुकानात वेळ नको जायला.”

बायकोनं पदर खोचला आणि माझ्या मागे बसली.

मानपुरपर्यंत आम्ही पाचदा बंद पडलो. शर्त घाटाची होती, सपाटीची नाही, असं मी पाचही वेळा मोठ्यानं सांगितलं. मानपुर ओलांडून घाट उतरलो; उतारावर तर मेलेली गाडीही धावते. तळाशी दहा मिनिटं थांबलो, तिला थंड केली, मनातल्या मनात शिव्या आणि विनवण्या दोन्ही दिल्या आणि चढायला लागलो. ट्रक धापा टाकत होते, आम्ही त्यांच्या बाजूनं वर. पहिलं वळण. फट... फट... शांतता. माझा डावा पाय जमिनीला टेकला.

मेहुणा शेजारी येऊन थांबला. हसला नाही, हे त्याचं मोठेपण. हळूच म्हणाला, “जाऊ द्या, जिजाजी. हो जाता है.”

मी पाना काढून प्लगकडे वाकलो.

“थांबा,” बायको म्हणाली. “प्लग नाही. आधी ती नळी काढा.”

“अगं, पेट्रोल येतंय. रोज बघतो मी.”

“रोज तुम्ही आधी प्लग खोलता, त्यावर दोन मिनिटं प्रवचन देता, मग नळी. आत्ता, या मिनिटाला काढा.”

काढली. नळीतून एक थेंब आला. मग विचार करून दुसरा. मग काहीच नाही. आम्ही तिघं तिथे वाकून बघत राहिलो, आणि थोड्या वेळानं आपोआप धार सुरू झाली. धो धो.

“मोरीसारखं झालंय,” ती म्हणाली. “पाणी ओतत राहिलं की केसांचा पुंजका ओढला जाऊन जाळीवर बसतो. पाणी थांबवलं की सैल होतो. तुमच्या टाकीत केस गेलेत.”

केस नाही. तिनं ‘पुंजका’ म्हटलं त्याच क्षणी मला आठवलं. मिलमध्ये आम्हांला एक सवय होती, ती सवय नव्हे, धर्म होता. उघडं भोक दिसलं की त्यात वेस्ट कोंबायचं, म्हणजे सुताचा टाकाऊ गुंता. नाही तर उडणारी रुई मशीनच्या पोटात जाते. टिनवाल्यानं टाकी जोडली तेव्हा तोटीच्या भोकात मी मूठभर वेस्ट कोंबलं होतं. नंतर ओढून काढलं. हातभर काढलं, बोटभर राहिलं.

तोटी खोलली. सोबत पेट्रोलचा रिकामा डबा होता. टाकीतलं सगळं त्यात गाळून घ्यायला हवं, पण गाळणार कशातून? बायकोनं आजूबाजूला पाहिलं, सरळ भावाच्या पिशवीत हात घातला आणि ती पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची टोपी काढून डब्याच्या तोंडावर उताणी बसवली.

“ताई! सेठची टोपी आहे ती!”

“मग? कापड चांगलं आहे.”

पेट्रोल टोपीतून खाली गेलं. वर राहिला सुताचा एक गच्च पुंजका. उरलेले धागे तिनं अंबाड्यातला आकडा घालून टाकीतून ओढले. मेहुणा त्या पुंजक्याकडे बघत म्हणाला, “बघा जिजाजी, मिलनंच अडवलं तुम्हांला.”

“मिलनं नाही, मी अडवलं,” मी म्हणालो. “आणि मीच सोडवणार. मिलचं एवढं सूत अंगावर घेऊन ही मानपुरपर्यंत आली. तुझी नवी गाडी अर्ध्या धाग्यात रडली असती.”

सगळं जोडलं. एका किकला सुरू. मेहुणा म्हणाला, “चला, इथूनच चढा. एक वळण माफ.”

इथे माझं डोकं सटकलं. माफ? मिल बंद करणाऱ्यांनी माझी बावीस वर्षं माफ केली होती, टेबलामागच्या पोरानं माझे हात माफ केले होते. मी गाडी वळवली.

“कुठे निघालात?”

“खाली. खालपासून वरपर्यंत म्हणालो होतो.”

पुन्हा तळाशी गेलो. पुन्हा वर निघालो. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. ट्रकवाले बाजूला होत होते. एकानं तर हॉर्न वाजवून सलाम केला, असं मी सांगतो, बायको म्हणते त्याला ओव्हरटेक करायचं होतं. इंजिन तापलं, माझ्या पोटऱ्या भाजल्या, आवाज एकदाही तुटला नाही. माथ्यावर आलो तेव्हा माझे दोन्ही पाय फूटरेस्टवर होते. मागून बायको म्हणाली, “आता थांबा तरी. माझी कंबर गेली.” मी आणखी एक किलोमीटर गेलो. मुद्दाम.

मेहुण्यानं आधी टेकलेला पाय मोजला नाही, शब्द पाळला. सेठला दारात दुसरा माणूस मिळाला. आमच्या ओसरीवर मी गाड्या दुरुस्त करायला बसलो, आणि मेहुण्याच्या शोरूममधून नव्या गाड्या घेतलेले लोक वॉरंटी संपली की माझ्याकडेच येतात, पाठवतो तोच.

गिऱ्हाइकांना मी सांगतो की घाटात बॉबिन दातांत धरून मी दोष शोधला. आतून भांडं आपटल्याचा आवाज येतो. मग मी सांगतो की थोडी मदत बायकोच्या मोरीचीही झाली.

टोपी खिळ्याला टांगलेली आहे. पांढरी आता कुठली, पिवळीकाळी झालीय. कुणाच्याही गाडीचं पेट्रोल गाळायचं असलं की तीच काढतो. कापड खरंच चांगलं आहे.