नातीच्या चित्रांत बांधलेले बोंबील

मंडळी, आत्ता कुठे छातीतली धडधड थांबली.

सकाळी मुलीकडे पाठवायचे सुके बोंबील मी टेबलावरच्या जाड कागदांत बांधले. मग कळलं, ते नातीचे कागद, तिनं केलेल्या डिझाइनचे. लग्नपत्रिका, केकच्या दुकानाची पाटी, शाळेच्या भिंतीवरचं चित्र. हेच दाखवायला ती अकरा वाजता ऐरोलीला नोकरीच्या मुलाखतीला निघणार होती.

"बाय, तुझं वर्षाचं काम मी नासवलं," मी म्हणालो.

तिनं पुडी हुंगली आणि हसली. "आजोबा, ह्या चुकलेल्या प्रिंट हायत. चांगल्या बॅगेत हायत. आत्याला सांगा, डिझायनर पुडी हाय, जपून सोड."

मी चौथी शिकलेला. मला तर त्या चुकलेल्याही सुंदर दिसल्या. त्यांत चुकलं काय असेल, कुणी सांगेल का?